पहिल्या फेरीचा माणूस

इटलीला आठशे मीटरचा आपला सर्वांत वेगवान धावपटू मिळाला तो एक विमान पडल्यामुळे.

सिसिलीतल्या कास्तेलबुओनो गावचा ग्रेगोरिओ फियास्कोनारो दुसऱ्या महायुद्धात इटालियन हवाई दलात वैमानिक होता. पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर त्याचं विमान पाडलं गेलं, तो जिवंत हाती लागला आणि युद्धकैदी म्हणून त्याची रवानगी दक्षिण आफ्रिकेत झाली. (याच मोहिमेत १९४१ साली इरिट्रियातल्या केरेनच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन इटालियनांशी झुंजली होती. आपल्याकडच्या कितीतरी घरांना इटली हा देश पहिल्यांदा ठाऊक झाला तो असा, पलटणीतून आलेल्या पत्रांतून.) ग्रेगोरिओचा पिंड मात्र शिपाईगिरीचा नव्हता. तो गाणारा होता, ऑपेरातला बॅरिटोन. युद्ध संपल्यावर घरी परतण्याऐवजी तो तिथंच राहिला, लग्न केलं, आणि पुढं केप टाऊन विद्यापीठाच्या ऑपेरा विभागाचा प्रमुख झाला. त्या देशातल्या गायकांच्या एकदोन पिढ्या त्याच्या हाताखालून गेल्या.

या घरात १९ जुलै १९४९ रोजी मार्चेल्लोचा जन्म झाला. नाव इटालियन, आडनाव इटालियन, पण मुलगा वाढला तो इंग्रजी बोलत, केप टाऊनच्या गोऱ्या वस्तीतल्या इतर मुलांसारखा. बापाचा गळा त्याच्याकडं आला की नाही कोण जाणे. रग्बीचं वेड मात्र गावाकडून आलं. उंच, रुंद खांद्यांचा, अंगावर येणाऱ्याला बगल देऊन सुसाट सुटणारा हा पोरगा व्हिलेजर्स या जुन्या क्लबकडून खेळायचा. ट्रॅकवर तो उतरला तो रग्बीचा हंगाम नसताना अंग मोकळं राहावं म्हणून. धावणं हा त्याचा खेळ नव्हता, खेळाची पूर्वतयारी होती. पुढं जे घडलं ते समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

चारशे मीटरमध्ये तो इतका पटकन वर आला की आसपासचे चक्रावले. पण दक्षिण आफ्रिकेत पटकन वर येऊन करायचं काय? वर्णद्वेषी धोरणापायी १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकपासून या देशाला दार बंद होतं, आणि १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं त्याला रीतसर बाहेर काढलं. युरोपातल्या एखाद्या शर्यतीत कुणी एकट्यानं जाऊन धावून यावं, एवढंच उरलं होतं. त्याच्याच पिढीचा डॅनी मलान हा तसा धावपटू. त्यानं २४ जून १९७३ रोजी म्युनिकमध्ये हजार मीटरचा जागतिक विक्रम केला, २ मिनिटं १६ सेकंद. ऑलिम्पिकमध्ये धावणं मात्र त्याच्या नशिबी कधी आलं नाही.

फियास्कोनारोकडं मलानकडं नसलेली एक गोष्ट होती: बापाचं नागरिकत्व. इटालियन ॲथलेटिक्सच्या मंडळींच्या कानावर हे आडनाव गेलं आणि चक्रं फिरली. १९७१ मध्ये तो निळी बनियन घालून इटलीसाठी धावत होता. इटालियन भाषा तोवर धड येतही नव्हती. याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही, एकवीस-बावीस वर्षांच्या पोरानं उघडं दार सोडून भिंतीवर डोकं आपटावं असं कोण म्हणेल? पण ही संधी कुणाला होती हेही पाहायला हवं. त्याच केप टाऊनमधल्या काळ्या धावपटूला ऑलिम्पिक तर दूरच, देशाच्या गोऱ्या संघातही जागा नव्हती. आणि युरोपातून आलेला बाप, युरोपचा पासपोर्ट, हेही त्याच्या नशिबी नव्हतं. बहिष्काराचा फटका बसायचा होता राजवटीला. त्यातून वाट काढता आली ती मात्र ज्यांचे आजे-बाप बोटीनं किंवा विमानानं आले होते त्यांनाच.

इटलीत तो लगेच लाडका झाला. १९७१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत चारशे मीटरला ब्रिटनचा डेव्हिड जेंकिन्स ४५.४५ सेकंदांत जिंकला आणि फियास्कोनारो ४५.४९ सेकंदांत दुसरा आला. चार शतांश सेकंद म्हणजे त्या वेगाला जेमतेम हातभर अंतर. शिवाय चार बाय चारशेच्या रिलेत इटलीला कांस्य. पहिल्याच मोठ्या स्पर्धेत दोन पदकं घेऊन आलेल्या या पाहुण्याकडून पुढच्या वर्षीच्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये देशाला बरंच काही हवं होतं. पण पाय दुखावला आणि म्युनिक हुकलं. पुढं त्याला दुसरं ऑलिम्पिक मिळालंच नाही.

तो नसलेल्या त्या म्युनिकमध्ये आठशेची जी अंतिम शर्यत झाली, ती या प्रकरणात आणायचं कारण वेगळं आहे. अमेरिकेचा डेव्ह वॉटल डोक्यावर गोल्फची टोपी घालून धावला. पहिल्या फेरीत तो सगळ्यांच्या मागं, इतका मागं की त्याला काही झालंय की काय असं वाटावं. मग एकेकाला गाठत, शेवटच्या शंभर मीटरमध्ये केनियाच्या माइक बॉइटला मागं टाकत, अगदी रेषेवर सोव्हिएत संघाच्या येवगेनी अर्झानोव्हला त्यानं तीन शतांश सेकंदांनी हरवलं. अर्झानोव्ह रेषेवरच कोसळला. वॉटल इतका भांबावला होता की राष्ट्रगीताच्या वेळी टोपी काढायचंही राहून गेलं. आजही ही शर्यत आठशे मीटर कसं धावावं याचा नमुना म्हणून दाखवली जाते. वेळ होती १ मिनिट ४५.८६ सेकंद, म्हणजे वॉटलच्याच नावावरच्या जागतिक विक्रमाहून दीड सेकंद संथ.

आठशे मीटरची खरी गोम इथं आहे. चारशे मीटर ही अखेरपर्यंत जोर लावून धावायची शर्यत. पंधराशेत विचार करायला, डाव टाकायला वेळ असतो. आठशे या दोहोंच्या मध्ये अडकलेली. लागणाऱ्या ऊर्जेतला निम्म्याहून अधिक वाटा श्वासावाटे येणाऱ्या प्राणवायूच्या जोरावर निघतो, पण उरलेला वाटा स्नायूंना प्राणवायूवाचून भागवावा लागतो, आणि त्याची किंमत शेवटच्या दीड-दोनशे मीटरमध्ये चुकवावी लागते. पोटऱ्या दगड होतात, हात वर येतात, मान मागं जाते. तेव्हा पहिल्या फेरीत किती खर्च करायचा हा या शर्यतीतला एकमेव मोठा प्रश्न. पगार झाल्या झाल्या पहिल्या आठवड्यात उडवणाऱ्याची महिनाअखेरीस जी गत होते तीच इथं चाळीस-पन्नास सेकंदांत होते. म्हणून शहाणे प्रशिक्षक सांगतात, मागं राहा, दम राखा, शेवटच्या वळणावर सुटा. पदकं बहुधा अशी मिळतात.

विक्रम मात्र असे होत नाहीत. आठशेचे जागतिक विक्रम पाहिले तर दुसरी फेरी पहिलीपेक्षा जलद झाल्याची उदाहरणं विरळा. केनियाच्या डेव्हिड रुडिशानं २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकमध्ये १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा जो विक्रम केला, त्यात पहिली फेरी ४९.२८ आणि दुसरी ५१.६३ सेकंदांची. घड्याळाला हरवायचं तर आधी जास्त खर्च करून मग कर्ज अंगावर घेऊन धावावं लागतं. रुडिशानं एकाच दिवशी विक्रमही केला आणि सुवर्णपदकही घेतलं, पण तो अपवाद. सर्वसाधारणपणे आठशे मीटरमध्ये जिंकणारी माणसं वेगळी आणि वाट पाडून देणारी वेगळी. फियास्कोनारो दुसऱ्या जातीचा. त्याला मागं राहणं जमत नव्हतं असं नाही, त्याला ते शिकायला वेळच मिळाला नव्हता. रग्बीत चेंडू हाती आला की मोकळी जागा बघून धावायचं. दम राखून ठेवायचा कुणासाठी?

१९७३ मध्ये तो चारशेवरून आठशेकडं वळला. या अंतराच्या मोजक्याच शर्यती पाठीशी असताना, २७ जून १९७३ रोजी संध्याकाळी, इटली आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यातल्या लढतीत तो मिलानच्या ‘अरेना’त उभा राहिला.

या जागेविषयी थोडं सांगायलाच हवं. मिलानची अरेना चिव्हिका म्हणजे नेपोलियनच्या काळात, १८०७ मध्ये खुलं झालेलं लंबवर्तुळाकार मैदान. रोमन रंगमंडलाच्या धर्तीचं, शहराच्या मधोमध, बागेला लागून. इटलीचा राष्ट्रीय फुटबॉल संघ आपला पहिला सामना १९१० मध्ये इथंच खेळला. पण धावण्याच्या इतिहासात हे मैदान गाजलं ते १५ जुलै १९३९ रोजी. त्या दिवशी इटली-जर्मनी लढतीत इटलीचा मारिओ लान्झी आणि जर्मनीचा रुडोल्फ हार्बिग आठशेला समोरासमोर आले. लान्झी हा बर्लिन ऑलिम्पिकचा रौप्यविजेता, आणि तोही पहिल्या फेरीचाच माणूस. बंदूक वाजली की सुटायचा. तो सुटला, हार्बिग त्याच्या पाठीला चिकटून राहिला, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात बाहेरून निघून गेला. घड्याळात १ मिनिट ४६.६ सेकंद. आधीच्या विक्रमातून एका झटक्यात १.८ सेकंद गेले होते. सोळा वर्षं, १९५५ पर्यंत, त्या विक्रमाला कुणी धक्का लावू शकलं नाही. हार्बिगला ते पाहायला मिळालं नाही. १९४४ मध्ये पूर्व आघाडीवर तो मारला गेला. विक्रमाच्या यादीत हार्बिगचं नाव राहिलं. ज्यानं तो वेग लादला त्या लान्झीची आठवण इटलीबाहेर फारशी कुणी काढत नाही.

चौतीस वर्षांनी त्याच मैदानावर फियास्कोनारोच्या पाठीमागं होता चेकोस्लोव्हाकियाचा योझेफ प्लाही. हा कच्चा गडी नव्हे. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये आठशेला पाचवा आलेला, शेवटी वेग घेणारा, अनुभवी. मोडायचा विक्रम होता १ मिनिट ४४.३ सेकंदांचा, आणि तो एकाचा नव्हता, तिघांचा होता. न्यूझीलंडच्या पीटर स्नेलनं १९६२ मध्ये क्राइस्टचर्चला चक्क गवताच्या ट्रॅकवर तो केला. ऑस्ट्रेलियाच्या राल्फ डूबेलनं मेक्सिकोत सुवर्णपदक जिंकताना बरोबरी केली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या निवड चाचणीत वॉटलनंही तिथंच घड्याळ थांबवलं. अकरा वर्षं जगातले उत्तमोत्तम धावपटू येऊन त्याच एका आकड्यावर अडत होते.

फियास्कोनारो पहिल्यापासून पुढं होता. वेग ठरवून देणारा भाडोत्री धावपटू नव्हता, डावपेच नव्हते. पहिली फेरी ५१.२ सेकंदांत. प्लाही सावलीसारखा मागं, आणि जाणत्यांच्या मते त्या क्षणी शर्यत प्लाहीची होती: पुढच्यानं हवा कापायची, मागच्यानं दम राखायचा, शेवटी निघून जायचं. चौतीस वर्षांपूर्वी याच मैदानावर हेच झालं होतं. पण या वेळी दुसऱ्या फेरीत तुटला तो मागचा. फियास्कोनारोचा वेग फारसा उतरलाच नाही, आणि सरळ पट्ट्यात तो एकटा होता. दुसरी फेरी ५२.५ सेकंद, एकूण १ मिनिट ४३.७ सेकंद. तीन मोठ्या नावांवर अडकलेला आकडा सहा दशांशांनी खाली आला आणि १ मिनिट ४४ सेकंदांच्या आत आठशे धावणारा तो जगातला पहिला माणूस ठरला. मलानच्या म्युनिकमधल्या विक्रमाला तेव्हा तीनच दिवस झाले होते. एकाच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेत वाढलेल्या दोघांनी दोन जागतिक विक्रम केले, त्यातला एक इटलीच्या नावावर लागला.

माझ्या मते हा विक्रम त्याला करता आला तो त्याला आठशेची भीती माहीत नव्हती म्हणून. या अंतरात मुरलेला धावपटू ५१.२ ला घंटा ऐकली की पुढचं काय ते आठवून जरा हात आखडतो. चारशेच्या माणसाला तो आकडा आरामाचा वाटतो. ज्याची चारशेची सर्वोत्तम वेळ ४५ सेकंदांच्या घरात आहे, त्याच्या पायांत ५१ सेकंदांच्या फेरीनंतरही वेगाची बरीच शिल्लक उरते. हे गणित आज प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ आहे. त्या काळी आठशेला उतरणारे बहुतेक जण लांब पल्ल्याच्या सरावातून, मैलाच्या शर्यतीतून खाली येत. चारशेतून वर चढणारा माणूस काय करू शकतो याचा मिलानमधला तो नमुना होता.

भीतीशी ओळख पुढच्या वर्षी झाली. १९७४ मध्ये युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा रोमला होती. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, जागतिक विक्रमवीर. शरीर मात्र आधीसारखं साथ देत नव्हतं. दुखापती सुरू झाल्या होत्या. फियास्कोनारोनं त्याला येत असलेली एकच गोष्ट केली, तो पुढं सुटला. युगोस्लाव्हियाच्या लुचियानो सुशान्यनं त्याला हवं तेवढं पुढं जाऊ दिलं आणि मग असा काही वेग घेतला की १ मिनिट ४४.०७ सेकंदांत तो दुसऱ्या क्रमांकापेक्षा दीड सेकंदाहून पुढं होता. दुसरा आला अठरा वर्षांचा एक इंग्रज पोरगा, स्टीव्ह ओव्हेट. फियास्कोनारो सहावा. ती त्याची शेवटची मोठी शर्यत म्हणायला हरकत नाही. चांगली धाव म्हणावी अशी कारकीर्द जेमतेम चार वर्षांची. नंतर तो पुन्हा रग्बीकडं वळला, मिलानमध्ये काही काळ खेळला आणि शेवटी दक्षिण आफ्रिकेला परतला.

त्याचा विक्रम मोडला तो २५ जुलै १९७६ रोजी, माँट्रियल ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत. या शर्यतीत आपल्याला जवळचं असं बरंच आहे. एक तर माइक बॉइट नव्हता. न्यूझीलंडचा रग्बी संघ वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला, त्याचा निषेध म्हणून बहुसंख्य आफ्रिकी देशांनी माँट्रियलवर बहिष्कार टाकला आणि म्युनिकचा हा कांस्यविजेता केनियन घरी राहिला. ज्या दोन गोष्टींनी फियास्कोनारोला घडवलं, त्या देशाचं राजकारण आणि तो खेळ, त्यांनीच त्याचा विक्रम धोक्यात असलेल्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवरचा एक मोठा गडी कमी केला होता.

दुसरं म्हणजे बंदूक वाजल्यावर लेन सोडून सगळे आत आले तेव्हा पुढं होता भारताचा श्रीराम सिंग. राजस्थानातला, सैन्यातला जवान, इलियास बाबर यांच्या तालमीत तयार झालेला. जगातल्या सर्वोत्तम सात जणांना मागं ठेवून त्यानं पहिली फेरी ५०.८५ सेकंदांत नेली. क्यूबाचा अल्बर्टो हुआनतोरेना त्याच्या खांद्याला लागून होता. हुआनतोरेना मुळात चारशेचा, त्याआधी बास्केटबॉलचा. फियास्कोनारोसारखाच आठशेत बाहेरून आलेला. दुसऱ्या फेरीत तो निघून गेला, बेल्जियमचा इव्हो व्हान डाम दुसरा, अमेरिकेचा रिक वोलहुटर तिसरा. घड्याळ १ मिनिट ४३.५० सेकंद. श्रीराम सातवा आला, १ मिनिट ४५.७७ सेकंद. भारतात ती वेळ बेचाळीस वर्षं टिकली. २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सननं ती मोडली. आपल्याकडं श्रीराम सिंगची ही धाव ‘पदक हुकलं’ या एका ओळीत संपवतात, हे मला कधी पटलं नाही. त्या पहिल्या फेरीखेरीज तो विक्रम त्या दिवशी झाला असता असं मानायला फारसा आधार नाही. मिलानमधल्या लान्झीनं हार्बिगसाठी जे केलं तेच श्रीरामनं हुआनतोरेनासाठी केलं, अर्थात न ठरवता, स्वतः जिंकण्याच्या इराद्यानं. आठवा आला तो इटलीचा कार्लो ग्रिप्पो.

जागतिक विक्रम तीन वर्षांत गेला, इटलीतला मात्र हलेना. सेबॅस्टियन को यानं १९८१ मध्ये फ्लॉरेन्सला, म्हणजे इटलीतच, आठशेचा विक्रम १ मिनिट ४१.७३ सेकंदांवर आणून ठेवला. परक्यांनी इटलीच्या ट्रॅकवर येऊन असे पराक्रम करावेत आणि इटालियनांनी ४३.७ च्या भिंतीपाशी थबकावं असं होत राहिलं. दोनातो साबियानं १९८४ मध्ये १ मिनिट ४३.८८ सेकंद धाव घेतली आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अंतिम शर्यतीत पाचवा आला; २०२०च्या एप्रिलमध्ये कोरोनानं त्याचा बळी घेतला. आंद्रेआ बेन्व्हेनुतीनं १९९२ मध्ये १ मिनिट ४३.९२ सेकंद. २०२३ मध्ये फियास्कोनारोच्या त्या संध्याकाळला पन्नास वर्षं झाली तेव्हाही राष्ट्रीय विक्रमासमोर त्याचंच नाव होतं. इटलीत याचं कौतुक होतं. मला तर राष्ट्रीय विक्रम अर्धशतक टिकणं ही त्या देशातल्या प्रशिक्षणाविषयीची तक्रार वाटते. श्रीरामच्या बेचाळीस वर्षांविषयीही माझं म्हणणं हेच.

आणि या विक्रमात एक बारीकशी फटही आहे. २००० साली रिएतीच्या ट्रॅकवर आंद्रेआ लॉन्गो १ मिनिट ४३.७४ सेकंदांत धावला, तो विजेच्या घड्याळावर, शतांशापर्यंत मोजलेला. मिलानमधली वेळ पंचांनी हातातल्या घड्याळांवर घेतलेली, दशांशापर्यंतच. हातानं घेतलेली वेळ थोडी उदार असते, कारण बंदुकीचा धूर दिसल्यावर बोट दाबायला क्षणभर जातो. लहान अंतराच्या शर्यतींत म्हणूनच हाताच्या वेळेत काही शतांश मिळवून मग तुलना करतात. आठशेला तसा नियम नाही. म्हणजे १९७३ मध्ये विजेचं घड्याळ असतं तर ४३.७ च्या जागी कदाचित ४३.८ च्या आसपासचा आकडा दिसला असता आणि लॉन्गो पुढं गेला असता. आकडेवारीत रमणारी मंडळी यावर वाद घालू शकतात. अधिकृत यादीत मात्र ४३.७ हा ४३.७४ च्या आधी येतो, आणि लॉन्गो दुसऱ्या ओळीत.